दोन धारांच्या मधला दिवस

माझा चुलतभाऊ सहकुटुंब काश्मीरला जाऊन आला आणि आठवड्याभराने त्याने सगळ्या भावकीला काश्मीर बघायला घरी बोलावलं. मोबाइल टीव्हीला जोडला होता. फोटो किती आहेत हे मोजायचा नाद मी दीडशेच्या पुढे सोडला. बहुतेक फोटोंत तो स्वतः होता आणि हिमालय त्याच्या खांद्यामागून जमेल तेवढा डोकावत होता. एका फोटोत त्याने भाड्याने मिळणारा तिथला पोशाख घातला होता, कमरेला खोटी तलवार होती, आणि चेहरा सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसाठी तलाठ्यासमोर उभा राहिल्यासारखा गंभीर होता. घरात भज्यांचं ताट फिरत असल्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही.

आई मागे भिंतीला टेकून बसली होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "तिथं कुणी पाव्हणं व्हतं का?"

"काश्मीरला कुठलं पाव्हणं, काकू."

"मग देव?"

"व्हता एक डोंगरावर. पायऱ्या लई. न्हाई गेलो."

"मग दिवसभर केलं काय?"

"काय न्हाई. समोर तळं, आपण खुर्चीत. नुसतं बसायचं."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांडी गायीची धार काढत होती. मी वासराला धरून उभा होतो. मी नारायणगावच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि राहतो पिंपळवंडीत, आईजवळ; मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, बायको दोन्ही मुलींना घेऊन माहेरी जाते आणि वासरू माझ्याकडे येतं. धार काढताना आई सहसा बोलत नाही. बोललं की गाय पान्हा चोरते असं तिचं म्हणणं आहे. त्या दिवशी मात्र गायीच्या पोटाला टेकलेलं डोकं न उचलता ती म्हणाली, "मलाबी एकदा असं बसायचंय."

"कसं?"

"देव नको, पाव्हणं नको. नुसतं बसायचं. एक दिवस."

आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आजवर तिने कुकरची रिंग मागितली आहे, कडबाकुट्टीचं पातं मागितलं आहे, एकदा वडिलांसाठी कानटोपी मागितली होती. मी लगेच हो म्हणालो. भूगोलाच्या शिक्षकाला एक जागा शोधायला असा कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.

आमच्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो देवाला नाहीतर पाहुण्यांकडे. दोन्हीकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही आणि दोन्हीकडे बसून राहता येत नाही. देवाकडे रांगेत उभं राहायचं असतं, पाहुण्यांकडे ओट्याशी. आई ओझरला किती वेळा गेली असेल याची गणती नाही. देवळाला लागूनच एवढा मोठा जलाशय आहे, होड्या चालतात, काठावर सावली आहे. ती तिथे एकदाही टेकलेली नाही, कारण दर्शन झाल्यावर कुणीतरी चपला हातात घेऊन "चला, उशीर झाला" म्हणत उभं असतंच. मी स्वतःही तसा उभा राहिलेलो आहे.

दुसरी अडचण बांडीची. आमच्याकडे दोन गायी आहेत. तांबडी कुणालाही दूध देते. काळीपांढरी बांडी मात्र वडिलांच्या हातची होती. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि बांडीने दूध तोडलं. चार दिवस सगळ्यांनी प्रयत्न केले, तिने सगळ्यांना लाथा घातल्या. पाचव्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेलो तर आई वडिलांचा सदरा घालून आणि त्यांची टोपी डोक्यावर चढवून बांडीखाली बसली होती. बादलीत धारेचा आवाज येत होता. मी तसाच मागे फिरलो. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. ज्याच्या हातची गाय असेल त्याचे कपडे अंगावर घ्यायचे आणि बसायचं. महिनाभर आई रोज दोन वेळा तो सदरा घालत होती. मग एक दिवस तिने टोपी काढली. आणखी पंधरा दिवसांनी सदराही खुंटीवर राहिला. तेव्हापासून बांडी आईच्या हातची झाली, आणि आईने एकही धार चुकवली नाही. लग्नाला गेली तरी अक्षता पडल्या की निघते. त्यामुळे तिचा दिवस हा सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंतच असतो. एवढ्यात जाऊन, बसून, परत येता येईल अशी जागा हवी होती.

मी तालुक्याचा नकाशा काढला. आमचा तालुका सरकारने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलेला आहे. त्याची पाटी आहे. पाटीवर चेहरे जास्त आणि तालुका कमी आहे, पण तरी आहे. शिवनेरीवर शिवाई आहे. लेण्याद्रीला गणपती आहे, शिवाय पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे आहेत. आळेफाट्याकडे एक कृषी पर्यटन केंद्र आहे, तिथे पुण्याची माणसं पैसे भरून गायीची धार काढतात; ते आईला सांगायची माझी छाती झाली नाही. नाणेघाटाचा वारा चांगला, पण वाटेत तिच्या मावसबहिणीची सून राहते. बोरी बुद्रुकला कुकडीचा काठ सुंदर आहे. नदीच्या दरडीत पांढऱ्या राखेचा एक थर आहे, फार दूरच्या बेटावरच्या ज्वालामुखीची राख वाऱ्याबरोबर येऊन इथे बसली असं अभ्यासक सांगतात आणि ती बघायला लांबून येतात. आई त्या राखेने लहानपणी भांडी घासायची. बोरी हे तिचं माहेर आहे. तिथे तिला नुसतं बसू देतील अशी आशा त्या राखेनेही केली नसती.

"आंबेगावात जाऊ," मी म्हणालो. "डिंभ्याच्या धरणामागं. पाणी आहे, डोंगर आहे. देऊळ लांब भीमाशंकरला. पाव्हणं कुणी नाही."

"मधी घोडेगाव हाय," आई म्हणाली.

घोडेगावला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. घोडेगाव टाळून डिंभ्याला जाता येत नाही. आणि लेकीच्या गावावरून तिच्या उंबऱ्याला पाय न लावता पुढे जाणं ही आमच्याकडे अशी गोष्ट आहे की तिच्यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. माझी एक आत्या अजून बोलत नाही.

आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पदर घेईन तोंडावर."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळचं दूध डेअरीला घालून आम्ही निघालो. भाकरी, झुणका, कांदा, पाण्याचा कॅन आणि एक जुनी सतरंजी. आईच्या मांडीवर तिची पिशवी होती. नारायणगावच्या पुढे गाडी थांबवून पेला काढायला मी पिशवी उघडली तर आत एक नारळ, दोन खण आणि हळदीकुंकवाची पुडी.

"हे कशाला?"

"असू दे. कुणी भेटलंच तर."

"कुणी भेटू नये म्हणून चाललोय आपण."

"नारळ काय खायला मागतो का तुला? गाडी चालव."

मंचर ओलांडल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला. घोडेगावची पहिली घरं दिसली तसा तो खाली नाकापर्यंत आला. स्टँडजवळ कडबा घेऊन निघालेला ट्रॅक्टर आडवा झाला आणि आम्ही चांगली पाच मिनिटं तिथे अडकलो. आई पुतळ्यासारखी बसून होती. पदराआडून तिने फक्त एकदा विचारलं, "तिचं घर दिसतं का हिथून?"

"नाही. आतल्या आळीला आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "या टायमाला ती पोळ्या करत आसंल."

आम्ही सुटलो असं मला वाटलं. आईचं तोंड झाकण्याची आम्ही एवढी काळजी घेतली, पण माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर माझ्या दोन्ही मुलींची नावं हातभर अक्षरांत रंगवलेली आहेत, वर गावाचं नाव आणि त्याच्याही वर कुलदैवत, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या भागात गाडी घेतली की पहिल्या दिवशी हे करतात आणि मग आयुष्यभर ते कुणाला दिसत नाही असं समजतात.

धरणाच्या अलीकडे पुन्हा एक फलक होता. 'नियोजित जलपर्यटन प्रकल्प' असं वर लिहिलेलं, आणि खाली एका होडीचं चित्र. होडीत सगळे पुढारी बसले होते. उन्हापावसाने चित्र इतकं पुसट झालं होतं की होडी बुडून पुढारी तेवढे वर राहिले होते.

पुढे गेल्यावर पाण्याकडे उतरणारी एक मातीची वाट सापडली. मे महिन्यात धरण आटतं. काठावर भेगाळलेल्या मातीचे टप्पे उघडे पडतात आणि मग खाली निळं पाणी लागतं. त्या पाण्याखाली गावं आहेत. बसायला आलेल्या माणसाने तेवढं ध्यानात ठेवावं. काठाच्या जरा वर जांभळाचं एक मोठं झाड होतं. झाडाखाली अगोदरच एक कुटुंब बसलं होतं. नवराबायको, पाण्यात डुंबणाऱ्या तीन मुली आणि एक म्हातारे गृहस्थ, जे टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. त्या बाईंनी आम्हाला बघून आपली चटई बाजूला ओढली.

"या मावशी, सावली लई हाय. बसा."

मी सतरंजी पसरली. आई बसली.

तेवढं सोपं नव्हतं. आईला बसता येत नाही. पाच मिनिटांत तिने सतरंजीची चारी टोकं सारखी केली. मग आसपासची सुकी पानं गोळा केली. मग उठून करवंदीच्या जाळीकडे गेली आणि पदरात करवंदं घेऊन आली. ती निवडली. पाण्यापर्यंत जाऊन धुतली. मुलींना दिली. मग कुणाचं तरी प्लॅस्टिक उचललं. मी पुस्तक उघडलं होतं, पण एकच ओळ वाचत होतो.

"आई, काश्मीरला असं करत नाहीत."

"बसले की रं. दिसत न्हाई का?"

त्या बाई हसल्या. "मावशी, आमच्या सासूबाई अशाच व्हत्या. पिकनिकला आल्या की पहिलं झाडायच्या. तुमी कुणीकडच्या?"

आई सावध झाली. आमच्याकडे दोन बायका भेटल्या की तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, आणि नातं निघालं की खण निघतो. "हिकडच्याच," आई म्हणाली.

"आमी जुन्नरचे. ह्यांचं गाद्यांचं दुकान हाय. उन्हाळ्यात गादी कोण भरत न्हाई, म्हणून येतो हिकडं. पोरींना सुट्टी, आमाला सुट्टी."

जुन्नरचं मुसलमान कुटुंब. आई मोकळी झालेली मला दिसली. इथे नातं निघायची भीती नव्हती. तिने पाय लांब केले. त्या बाईंनी आईच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली, आपला मोठा डबा न बोलता झाकून मागे सारला आणि पिशवीतून आंबे काढले. "मावशी, डबा तुमच्या जोगा न्हाई. आंबे मात्र घ्यायला पायजेत." आईने आंबा घेतला. घेताना त्या बाईंनी आईचा हात धरला, अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबला आणि म्हणाल्या, "दोन-चार."

"काय?"

"बांगडीचं माप. तुमच्या हाताला दोन-चार बसंल. माझे अब्बा बांगड्या भरायचे, गावोगाव जायचे. मला सवयच लागली, हात दिसला की माप घ्यायची."

"कोणकोणत्या गावाला जायचे?"

हा प्रश्न आईने विचारायला नको होता. त्या बाईंनी गावं सांगितली. आळे, राजुरी, बेल्हे, बोरी.

"बोरी? बोरी बुद्रुक?"

"व्हय. लग्नसराईत तर आठ-आठ दिवस तिकडंच असायचे."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने दोन्ही मनगटं पुढे करून बघितली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची आहेत. तिच्या हातांत आता एकेक पितळी बांगडी असते. "माझा चुडा त्यांनीच भरला आसंल मग," ती म्हणाली. "सायकल व्हती त्यांच्याकडं. एक बांगडी भरताना पिचली तर म्हणले, रडू नको बेटा, ही माझ्या हिशोबात."

"तेच. हेच म्हणायचे सगळ्या पोरींना."

दोघी हसल्या. आई मला म्हणाली, "निघालं बघ. पाव्हणं निघालंच शेवटी." आणि तिचा हात पिशवीकडे गेला. खण बाहेर आला. एक खण कमी झाला, पण आई त्यानंतर खरोखर बसली. पाण्याच्या काठाला गेली, चपला काढल्या, पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडले आणि काहीच करेना. मी घड्याळ बघितलं नाही, पण पुस्तकाची वीस पानं झाली. तिच्या पाठीकडे बघून मला कळत होतं की ती डोंगराकडे बघतेय आणि डोंगराचं काही करायचं नाही हे तिला पटलंय.

तेव्हा तिचा फोन वाजला. आई फोन कानाला लावत नाही, स्पीकर लावून समोर धरते, त्यामुळे पलीकडचं बोलणंही सगळ्यांना ऐकू येतं. बहिणीचा होता.

"आई, तू घोडेगावातनं गेलीस?"

आईने फोन जरा लांब धरला.

"माझ्या दिराने गाडी बघितली स्टँडवर. दोन्ही पोरींची नावं वाचली त्याने. म्हणला, तुझी आई पदर घेऊन बसली व्हती. खरं हाय का?"

"हाय."

"मी घरीच व्हते, आई."

"म्हाइतीय."

"माझं काय चुकलं का? दादा काय बोलला का?"

"कुणी काय बोललं न्हाई. मी आज कुणाकडं आलेच न्हाई गं. मी बसायला आले."

"बसायला माझ्या घरात जागा न्हाई व्हय?"

"तुझ्या घरात मला कोण बसू देतंय? तू लाटणं घेणार, मी ते तुझ्या हातातनं काढून घेणार. मग तुझी सासू..."

फोन बंद झाला. बहिणीने ठेवला की रेंज गेली, कळायला मार्ग नव्हता. डोंगराच्या त्या कोपऱ्यात दोन्ही शक्य होतं. आई थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पाय पाण्यातून काढले, पदराने पुसले आणि चपला घातल्या.

"चल."

"कुठं?"

"तिच्याकडं. नारळ हाय, एक खण हाय. बरं झालं घेतला ते." तिने सतरंजीचं एक टोक उचललं. मी दुसऱ्या टोकावर बसलेला होतो. मी उठलो नाही.

"आई, तासभर पण झाला नाही तुला."

"झालं तेवढं लई झालं. लेक रडत आसंल तिथं आणि मी हितं पाय भिजवत बसू? ऊठ."

मला चुलतभावाच्या काश्मीरचा पहिल्यांदा हेवा वाटला. तिथे फोन लागला असता तरी कुणी काही करू शकलं नसतं. मी उठलो. सतरंजीची घडी घातली. त्या बाईंनी मुलींना हाक मारून आईला नमस्कार करायला सांगितलं. आम्ही चढ चढून गाडीपाशी आलो आणि वरून एक स्कूटर धुरळा उडवत खाली आली. बहीण होती; फोन तिने वाटेतूनच केला असणार, आणि वरच्या रस्त्यावरून गाडीच्या काचेवरची नावं दिसली असणार. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला स्कार्फ, पायाशी चार कप्प्यांचा डबा. स्कूटर उभी करून ती आईसमोर येऊन थांबली. डोळे लाल होते, ते उन्हाने की कशाने, मी विचारलं नाही.

"मी जेवायला घालायला आले न्हाई," ती म्हणाली. "मी रागवायला आले."

आईने तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. मग माझ्या काखेतली सतरंजी ओढून घेतली.

"बसून रागव," आई म्हणाली.

आम्ही परत खाली आलो. गादीवाल्यांनी पुन्हा चटई सरकवली. आई तिच्या जागी जाऊन बसली आणि पाय पाण्यात सोडले. बहीण शेजारी उभी राहिली, मग बसली, मग तिनेही पाय सोडले. पाठमोऱ्या दोघी एकाच बांध्याच्या आहेत हे मला माहीत होतं, पण एवढ्या शेजारी, हातात काही काम नसताना, मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं.

"मला सांगायचं तर व्हतंस," बहीण म्हणाली. "मीबी आले असते बसायला."

"तू पाव्हणी झाली असतीस."

"मी पाव्हणी हाय तुझी?"

"तू न्हाई. पण मी तुझी आई झाले असते ना दिवसभर." आईने पाण्यात पाय हलवला. "कशी हाय, सासू काय म्हणती, पोराची बारावी, तुझी कंबर. सगळं विचारायला लागलं असतं. मला एक दिवस काय विचारायचंच नव्हतं."

बहिणीने ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडून दिलं. मग म्हणाली, "मग नको विचारूस. मीबी सांगत न्हाई."

"कंबर कशी हाय?"

"आई."

"बरं, राहिलं."

डबा उघडला तेव्हा आईचा हात त्याच्याकडे गेला. बहिणीने तो बाजूला केला, "बसायला आलीस ना? बस." आणि तिने स्वतः कप्पे काढायला घेतले. तेव्हा आई म्हणाली, "मग तूबी बस." दोघींमध्ये डबा अडकला. शेवटी तो माझ्याकडे आला. वाढायचं काम मी आयुष्यात फक्त पंगतीत केलं आहे, तेही मिठाचं. भरलेली वांगी मी इतकी जपून वाढली की गादीवाल्यांच्या बायकोला राहवलं नाही. "भाऊ, परसाद न्हाई तो. भाजी हाय." माझी आई आणि बहीण माझ्याकडे बघत पोटभर जेवल्या. आमचा झुणका बहिणीने संपवला. सासरी तसा जमत नाही म्हणाली, आणि मग सासरचं काही सांगायचं नाही असं ठरल्याचं आठवून गप्प बसली.

जेवणानंतर तिघी बायका सतरंजीवर आडव्या झाल्या. वारा पाण्यावरून येत होता, उन्हाला धार होती पण जांभळाखाली ती पोचत नव्हती.

संध्याकाळची धार पाचला असते. तीनला निघालो तर पोचतो. आई घड्याळ वापरत नाही, सावली बघते. जांभळाची सावली सतरंजीवरून सरकून पाण्याला टेकली तेव्हा ती उठून बसली.

"तीन झाले," ती म्हणाली. पण उभी राहिली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बांडी आता दाराकडं बघत आसंल."

बहीण डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. ती म्हणाली, "तात्यांना सांगू का?"

तात्या म्हणजे आमचे धाकटे चुलते, काश्मीरवाल्या भावाचे वडील. माजी सरपंच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला पेन, तालुक्यात कुठलाही सत्कार असला की व्यासपीठावर तिसरी खुर्ची त्यांची. आई त्यांच्या डोळ्यांसमोर येण्यापूर्वी पदर सारखा करते.

"तात्या?" आई म्हणाली. "ती तात्यांना उभं करंल व्हय? माझं लुगडं नेसावं लागंल."

"नेसतील."

"तात्या?"

मी फोन लावला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला काय सांगतोस? मी माजी सरपंच हाय," ते म्हणाले.

"गायीला माहीत नाही, तात्या."

"मी हसं करून घेऊ का माझं?"

"दार लावून घ्या."

मग आईने माझ्या हातातून फोन घेतला. दिराशी ती आयुष्यात कधी फोनवर बोललेली नव्हती. फोन समोर धरून, पदर डोक्यावर घेऊन ती म्हणाली, "भाऊजी, मी आज हितं बसलेय. मला अजून बसायचंय."

"कुठं बसलाय, वहिनी?"

"पाण्याला."

पलीकडे दाराची कडी लागल्याचा आवाज आला. "लुगडं कुठलं नेसू?" तात्यांनी विचारलं.

"हिरवं. दोरीवर हाय. चोळीची गरज न्हाई."

त्यानंतरचा दीड तास आई जागची हलली नाही. बसली होती, पण आता ते सकाळचं बसणं नव्हतं. कान पिंपळवंडीला होते. सावली पाण्यात शिरली. गादीवाल्यांच्या मुली बाहेर आल्या, केस पुसून झाले, त्यांचं सामान आवरलं गेलं. निघताना त्या बाईंनी आईचा हात पुन्हा दाबला. "दोन-चार. जुन्नरला आलात की या, मी भरते." आई "बघू" म्हणाली नाही. "येईन," म्हणाली.

पाच वाजून गेल्यावर माझा फोन किणकिणला. भावकीच्या ग्रुपवर चुलतभावाने फोटो टाकला होता. गोठ्याच्या फटीतून काढलेला. हिरवं लुगडं, त्याच्या वर पांढऱ्या कडक सदऱ्याची कॉलर, पदर टकलावर, आणि पदराखाली तात्या, डोळे मिटून बांडीच्या पोटाला डोकं लावून बसलेले. काश्मीरच्या सगळ्या फोटोंना मिळाले नसतील तेवढे अंगठे दोन मिनिटांत आले. मी तो आईला दाखवला. बहीण तिच्या खांद्यावरून वाकून बघायला आली. आई पहिल्यांदा नुसती बघत राहिली. मग ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत, आणि तिच्या खांद्याला लागून बहीणही हलायला लागली. बराच वेळ त्या दोघी तशाच हलत होत्या. मधूनच एक जण थांबायची, मग दुसरी "कॉलर" म्हणायची आणि परत सुरू व्हायचं.

डोळे पुसून झाल्यावर आई म्हणाली, "ते मोठं करून दाखव. तात्या न्हाई. बादली."

मी दोन बोटांनी बादली मोठी केली. फेस काठापर्यंत आला होता.

"दिलं तिनं," आई म्हणाली. फोटोकडे बघतच राहिली. "माझ्यावाचूनबी दिलं." तिच्या आवाजात समाधान होतं आणि त्याच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. खुंटीवर राहिलेला सदरा मला आठवला.

डोंगराच्या मागे सूर्य जायला अजून तासभर होता. पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. मी सवयीने सतरंजीचं टोक उचललं, चपला शोधल्या आणि त्या हातात घेऊन उभा राहिलो. आईने माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं.

"त्या खाली ठेव," ती म्हणाली, आणि पाय परत पाण्यात सोडले.